डॉ. प्रमोद करण सेठी : जयपूर फूट आणि सुरक्षिततेचा प्रश्न

मुंबईहून सवाई माधोपूरमार्गे जयपूरला जाताना मुख्य जंक्शनच्या आधी दुर्गापुरा हे लहानसे स्थानक लागते. एकेकाळी शहराबाहेर असलेले हे गाव आता जयपूरच्या दक्षिण भागात पूर्णपणे मिसळून गेले आहे. कृषी संशोधन संस्थेमुळे दुर्गापुराचे नाव शेतीच्या क्षेत्रात परिचित आहे. याच भागात, जवळच्या मालवीय नगरात, भगवान महावीर विकलांग सहायता समितीचे केंद्र आहे. देशाच्या कानाकोपऱ्यातून, महाराष्ट्रातूनही, पाय गमावलेली माणसे या केंद्रात कुबड्यांच्या आधाराने येतात आणि परतताना बहुतेक जण स्वतःच्या दोन पायांवर चालत जातात. त्यांच्या पायात असतो तो जयपूर फूट.

रबर, लाकूड आणि दोरा यांपासून बनलेल्या या पावलाशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले, ते अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांचे ६ जानेवारी २००८ रोजी जयपूर येथे निधन झाले. त्यांनी या पावलाचे पेटंट घेतले नाही. ते कोणी बनवावे आणि कोणी बनवू नये, यावर त्यांनी कोणतेही बंधन घातले नाही. त्यामुळे हे पाऊल जगभर पोहोचले. मात्र त्याच मोकळेपणातून निर्माण झालेला एक प्रश्न सेठी यांना अखेरपर्यंत भेडसावत राहिला. कारागिराने हाताने घडवलेले, कोणत्याही नियमावलीत न बसणारे उपकरण रुग्णाच्या शरीराला जोडले जाते, तेव्हा त्याच्या सुरक्षिततेची जबाबदारी कोणाची, हा तो प्रश्न होय.

तपासणीमुळे झालेले अस्थितज्ज्ञ

प्रमोद करण सेठी यांचा जन्म २८ नोव्हेंबर १९२७ रोजी वाराणसी येथे झाला. त्यांचे वडील डॉ. निहाल करण सेठी हे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. घरात विद्येचे वातावरण होते. वैद्यकीय शिक्षणासाठी प्रमोद करण आग्र्याला गेले आणि तेथेच त्यांनी शल्यचिकित्सेतील पदव्युत्तर पदवी मिळवली. १९५४ मध्ये एडिंबरा येथील रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सची फेलोशिप घेऊन ते मायदेशी परतले आणि जयपूरच्या सवाई मानसिंह वैद्यकीय महाविद्यालयात शल्यचिकित्सेचे अध्यापन करू लागले. हे महाविद्यालय १९४७ साली सुरू झाले होते. राजस्थानसारख्या विस्तीर्ण आणि विरळ वस्तीच्या प्रदेशात त्याच्या रुग्णालयावर मोठा भार होता.

सेठी यांचे शिक्षण सर्वसाधारण शल्यचिकित्सेचे होते. अस्थिशल्यचिकित्सेकडे ते ओढीने वळले नव्हते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस भारतीय वैद्यक परिषदेची तपासणी होणार होती आणि महाविद्यालयात स्वतंत्र अस्थिविभाग असणे आवश्यक होते. तो विभाग उभा करण्याची जबाबदारी या तरुण शल्यविशारदावर सोपवण्यात आली. ज्या विषयाचे रीतसर प्रशिक्षण घेतलेले नव्हते, त्याचे ते विभागप्रमुख झाले. ज्यांच्या कामाची पुढे नियमांच्या चौकटीबाहेरचे म्हणून चर्चा झाली, त्यांना या क्षेत्रात आणले ते एका नियमानेच.

विभाग उभा राहिला तो अपुऱ्या साधनांनिशी. रुग्ण येत ते रेल्वे अपघातात, रस्त्यावरील अपघातात किंवा यंत्रात पाय सापडून जखमी झालेले. पोलिओने पाय लुळे पडलेली मुलेही मोठ्या संख्येने येत. शस्त्रक्रिया करून जीव वाचवता येत असे. त्यानंतर त्या माणसाने गावी जाऊन जगायचे कसे, याचे उत्तर शल्यचिकित्सेच्या पुस्तकांत नव्हते. हाड जोडले, जखम भरली म्हणजे उपचार संपले, असे सेठी यांना वाटेनासे झाले आणि त्यांचे लक्ष पुनर्वसनाकडे वळले.

कोपऱ्यात पडलेले पाय

त्या काळात भारतात कृत्रिम पाय मिळतच नव्हते असे नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४ मध्ये, पुण्यात लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र स्थापन झाले होते. मुंबईत हाजी अली येथे पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था १९५० च्या दशकात उभी राहिली. परंतु राजस्थानच्या खेड्यातील शेतकऱ्याला तेथपर्यंतचा प्रवास, मुक्काम आणि खर्च परवडणारा नव्हता. ज्यांनी हे सारे करून पाय मिळवला, त्यांच्यापैकी अनेक जण काही काळाने पुन्हा कुबड्यांवर दिसत. पाय घरात कोपऱ्यात पडून राही.

असे का होते, याचा शोध सेठी यांनी रुग्णांकडूनच घेतला. उत्तर साधे होते. पाश्चात्त्य पद्धतीचा कृत्रिम पाय बुटासाठी बनलेला होता. त्या वेळी जगभर प्रचलित असलेले सॅच नावाचे पाऊल अमेरिकेत १९५० च्या दशकात विकसित झाले होते. त्याचा घोटा न हलणारा आणि टाच मऊ असे. बूट घालून सपाट फरशीवर चालणाऱ्या, खुर्चीवर बसणाऱ्या आणि कमोड वापरणाऱ्या माणसासाठी ते उत्तम होते. भारतीय शेतकरी मात्र अनवाणी चालतो, चिखलात उतरतो, शेताच्या बांधावरून ये-जा करतो, उकिडवा बसतो आणि मांडी घालून जेवतो. मंदिरात, स्वयंपाकघरात तो पायताण घालून जात नाही. बूट काढला की ते पाऊल पायासारखे दिसत नसे आणि घोटा वाकत नसल्यामुळे उकिडवे बसता येत नसे. पाण्यात बूट कुजत. नवा बूट घेण्यास पैसे नसत.

येथे सुरक्षिततेचा एक वेगळाच अर्थ सेठी यांच्यासमोर आला. प्रयोगशाळेत निर्दोष ठरलेले उपकरण रुग्ण वापरतच नसेल, तर त्याची निर्दोषता कोणत्या कामाची? कुबड्यांवर आयुष्य काढणाऱ्या माणसाचे खांदे आणि हात झिजतात. तो ओझे उचलू शकत नाही, त्याचा रोजगार जातो. हा धोका कोणत्याही चाचणी अहवालात नोंदवला जात नाही.

मास्टरजी आणि टायरचे दुकान

सवाई मानसिंह रुग्णालयात रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर काम करीत. पिढीजात कलाकुसरीचा वारसा असलेल्या कुटुंबातून ते आले होते. शालेय शिक्षण चौथ्या इयत्तेपर्यंतचे. रुग्णांना हस्तकला शिकवण्यासाठी त्यांची नेमणूक झाली होती आणि सारे त्यांना मास्टरजी म्हणत. लाकूड, धातू, माती, दगड असे कोणतेही माध्यम त्यांच्या हाताला परके नव्हते. रुग्णालयात येणारे लंगडणारे रुग्ण ते रोज पाहत असत.

मास्टरजींच्या सायकलचे चाक पंक्चर झाले आणि ते दुरुस्तीसाठी थांबले, त्या प्रसंगाची कथा जयपूरमध्ये आजही सांगितली जाते. दुकानात ट्रकच्या टायरचे रिमोल्डिंग चालले होते. झिजलेल्या टायरवर कच्च्या रबराचा थर चढवून, साच्यात घालून, उष्णता देऊन तो पक्का केला जात होता. हजारो मैल दगडधोंड्यांतून धावणारे रबर येथे तयार होत असेल, तर पाऊल का होऊ नये, असा विचार मास्टरजींच्या मनात आला. पुढे ते पायाचा साचा घेऊन त्या दुकानात गेले. दुकानदाराने तो रबरात ओतून देण्याचे मान्य केले आणि काम कशासाठी आहे हे समजल्यावर पैसे घेण्यास नकार दिला.

१९६८ च्या सुमारास पहिले नमुने तयार झाले आणि त्यांतील काही लवकरच निकामी ठरले. रबराचे पाऊल दिसायला खरे होते, पण जड होते आणि रोजच्या वापरात टिकत नव्हते. येथून सेठी यांचे शरीररचनेचे ज्ञान आणि मास्टरजींचा हात यांची सांगड सुरू झाली. पावलाचे नैसर्गिक सांधे कोठे आणि किती वळतात, हे डॉक्टरांनी समजावून सांगायचे. ते वळण कोणत्या पदार्थातून साधता येईल, हे कारागिराने शोधायचे. डॉ. एस. सी. कासलीवाल आणि डॉ. महेश उदावत हे सहकारीही या प्रयत्नात सहभागी होते.

अखेरीस जी रचना स्थिर झाली, तिच्यात तीन भाग आहेत. टाचेत आणि पावलाच्या पुढच्या भागात मायक्रोसेल्युलर रबराचे ठोकळे बसवलेले असतात. स्पंजासारख्या हलक्या अशा या रबराच्या चपला कुष्ठरुग्णांसाठी बनवल्या जातात, त्यामुळे महाराष्ट्रातील कुष्ठसेवा केंद्रांनाही ते परिचित आहे. घोट्याच्या जागी लाकडी ठोकळा असतो आणि त्यातून जाणाऱ्या बोल्टने पाऊल वरच्या पायाला जोडले जाते. हे तीन भाग टायरमध्ये वापरल्या जाणाऱ्या नायलॉनच्या दोऱ्याने आणि कच्च्या रबराच्या पट्ट्यांनी गुंडाळले जातात. तळव्याला टायरच्या पृष्ठभागाचे टणक रबर आणि वर त्वचेच्या रंगाचे रबर असते. ही सारी गुंडाळी ॲल्युमिनियमच्या साच्यात घालून तापवली की सर्व थर एकजीव होतात. आत सुटे असलेले तीन ठोकळे एकमेकांशी थोडे हलू शकतात, म्हणूनच हे पाऊल खाली-वर वाकते, दोन्ही बाजूंना झुकते आणि किंचित फिरतेही. उकिडवे बसताना पाऊल टेकलेले राहते. उंचसखल जमिनीवर ते जमिनीचा उतार घेते. बोटांचे आकारही कोरलेले असल्यामुळे अनवाणी चालताना ते पाऊलच वाटते.

पावलाच्या वरचा पाय ॲल्युमिनियमच्या पत्र्यापासून ठोकून बनवला जाई. हे काम जयपूरच्या ठठेऱ्यांच्या हातचे. महाराष्ट्रात ज्यांना तांबट म्हणतात, त्याच जातकुळीचे हे कारागीर. हंडे आणि परात घडवणारा हातोडा आता रुग्णाच्या मांडीचे आणि पोटरीचे माप घेऊ लागला. रुग्ण समोर बसलेला असे. जेथे टोचते तेथे तो बोट दाखवी आणि पत्रा पुन्हा ठोकला जाई.

चाचणी कोणी केली

आज एखाद्या रुग्णालयात असा प्रयोग करायचा झाल्यास नैतिक समितीची संमती, रुग्णाचे लेखी संमतिपत्र आणि उपकरणाच्या चाचणीचे अहवाल लागतील. १९६८ मध्ये यांपैकी काहीच नव्हते. भारतात औषधांसाठी १९४० चा कायदा होता. कृत्रिम पायासारखे उपकरण त्याच्या कक्षेत येत नव्हते. अमेरिकेतही वैद्यकीय उपकरणांसाठी स्वतंत्र आणि व्यापक तरतूद १९७६ मध्ये झाली आणि तीही गर्भनिरोधक साधनांनी अनेक स्त्रियांना इजा झाल्यानंतर.

जयपूरमध्ये चाचणी केली ती रुग्णांनी. पाय घेऊन गेलेला माणूस शेतात काम करी, झाडावर चढे, सायकल चालवी आणि काही बिघडल्यास परत येई. मोडलेले पाऊल कापून पाहिले जाई, कोठला थर सुटला ते शोधले जाई आणि पुढच्या पावलात तो दोष दूर केला जाई. ही पद्धत शास्त्रीय नव्हती असे म्हणता येणार नाही. पण तिचा आधार एकच होता, तो म्हणजे कारागीर, डॉक्टर आणि रुग्ण एकाच आवारात होते. चूक झाली तर ती करणाऱ्याच्याच समोर लंगडत परत येत होती.

सेठी यांनी हे काम वैद्यकीय जगासमोर मांडण्याचे टाळले नाही. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी ऑक्सफर्ड येथे ब्रिटिश अस्थिशल्यविशारदांच्या सभेत त्यांनी जयपूर फूट सादर केला. १९७८ मध्ये कृत्रिम अवयवशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात या पावलावरील सविस्तर निबंध प्रसिद्ध झाला. त्यावर चार लेखकांची नावे आहेत. पहिले सेठी यांचे, त्यानंतर उदावत व कासलीवाल यांची आणि चौथे रामचंद्र यांचे. चौथीपर्यंत शिकलेल्या कारागिराचे नाव अशा नियतकालिकात लेखक म्हणून छापले जाणे ही त्या काळी असाधारण गोष्ट होती.

असे असले, तरी बाहेरच्या जगाने श्रेयाची वाटणी समान केली नाही. १९८१ मध्ये सेठी यांना सामुदायिक नेतृत्वासाठी रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरवले. मास्टरजींच्या वाट्याला असे सन्मान आले नाहीत. जयपूर फूटचे जनक कोण, हा वाद पुढे अनेक वर्षे रंगला आणि दोघांमधील संबंधांवरही त्याची छाया पडली. खरे पाहता कल्पना एकाची, रचना दोघांची आणि जगापुढची मांडणी दुसऱ्याची, असे या कामाचे स्वरूप होते. एकट्या जनकाचा शोध घेणे त्याला न्याय देणारे नाही.

संख्या वाढू लागली

प्रारंभीच्या काही वर्षांत पाय बसवलेल्या रुग्णांची संख्या अगदी थोडी होती. रुग्णालयाच्या कार्यशाळेची मर्यादा होती आणि गरीब रुग्णाच्या राहण्याजेवण्याची सोय नव्हती. १९७५ मध्ये भगवान महावीर विकलांग सहायता समितीची स्थापना झाली आणि चित्र बदलले. समितीचे संस्थापक डी. आर. मेहता हे भारतीय प्रशासन सेवेतील अधिकारी होते. १९६९ मध्ये झालेल्या भीषण अपघातात त्यांचा स्वतःचा पाय कापण्याची वेळ आली होती. तो वाचला, पण ज्यांचा वाचत नाही त्यांचे काय, हा विचार त्यांच्या मनात राहिला. हेच मेहता पुढे १९९५ ते २००२ या काळात भांडवली बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीचे अध्यक्ष होते, हा एक चमत्कारिक योगायोग.

समितीने पाय विनामूल्य देण्याचे तत्त्व स्वीकारले. रुग्ण कोणत्याही वेळी आला तरी त्याला राहण्याजेवण्याची जागा मिळे आणि शक्य तितक्या लवकर पाय बसवून दिला जाई. आठवडे आणि महिने लागणारे काम एक-दोन दिवसांवर आले. ठिकठिकाणी शिबिरे भरू लागली. श्रीलंकेत १९८० च्या दशकात कोलंबो आणि जाफना येथे जयपूर पायाची केंद्रे सुरू झाली. भूसुरुंगांनी उद्ध्वस्त झालेल्या अफगाणिस्तान आणि कंबोडियातही हे तंत्र पोहोचले. मुंबईच्या नृत्यांगना सुधा चंद्रन यांनी १९८१ च्या अपघातात पाय गमावल्यानंतर जयपूर फूट लावून पुन्हा नृत्य केले. त्यांच्या जीवनावरील नाचे मयूरी हा हिंदी चित्रपट १९८६ मध्ये आला आणि जयपूर फूट हे शब्द घरोघरी पोहोचले. समितीच्या सांगण्यानुसार कृत्रिम पाय, कॅलिपर आणि अन्य साधने मिळालेल्यांची संख्या आज २० लाखांहून अधिक आहे.

ज्याचे पेटंट नाही, ते बनवायला परवानगी लागत नाही. टायरचे रबर, चपलेचे रबर आणि लाकूड कोठेही मिळते. जयपूर फूट या नावाने देशात अनेक ठिकाणी पावले तयार होऊ लागली. सारी सारखी नव्हती. कोठे दोऱ्याचा थर कमी पडे, कोठे तापमान नीट राखले जात नसे. असे पाऊल बाहेरून तसेच दिसते, पण काही महिन्यांत त्याचा तळवा फाटतो किंवा बोल्टपाशी लाकूड सुटते. भररस्त्यात पाऊल मोडून पडलेल्या माणसासाठी ती केवळ वस्तूची खराबी नसते.

सेठी यांच्या चिंतेचा विषय हाच होता. ज्या मोकळेपणाने हे तंत्र गरिबापर्यंत नेले, त्याच मोकळेपणाने त्यावरचे नियंत्रण त्यांच्या हातून गेले होते. त्यांचा भर मोजक्या रुग्णांना नीट पाय बसवण्यावर, त्यांचा पाठपुरावा करण्यावर आणि दोष शोधत राहण्यावर होता. शिबिरांचा वेग आणि हा आग्रह यांचा मेळ बसणे कठीण होते. त्यांचे आणि समितीचे मार्ग पुढे वेगळे झाले. सरकारी सेवेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी जयपूरच्या संतोकबा दुर्लभजी स्मृती रुग्णालयात पुनर्वसनाचे काम सुरू ठेवले. पोलिओग्रस्त मुलांसाठी हलके कॅलिपर बनवण्याच्या प्रयत्नांतही ते गुंतले होते. दोन्ही बाजूंना न्याय द्यायचा, तर एवढे म्हणावे लागेल की शिबिरे नसती, तर लाखो माणसे कुबड्यांवरच राहिली असती. आणि पाठपुरावा नसेल, तर त्यांतील कितीजण पुन्हा कुबड्यांकडे वळले, हे कळण्याचा मार्गच उरत नाही.

मोजमापाच्या कसोटीवर

पावलाची पारख शास्त्रीय कसोट्यांवरही झाली. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सॅच, सिॲटल आणि जयपूर या तीन पावलांची जमिनीवरील दाबाच्या मापनाद्वारे तुलना करण्यात आली. धक्का शोषून घेण्यात सॅच पाऊल सरस ठरले, तर जयपूर फूट लावलेल्यांची चाल नैसर्गिक चालीच्या अधिक जवळची आढळली. बाजारातील महागड्या पावलांच्या शेजारी टायरच्या रबराचे पाऊल मानाने उभे राहिले होते.

पण कृत्रिम पाय म्हणजे केवळ पाऊल नव्हे. खरी परीक्षा असते ती सॉकेटची, म्हणजे ज्या पोकळीत पायाचा उरलेला भाग बसतो त्या भागाची. शरीराचे सारे वजन तेथे पेलले जाते. सॉकेट सैल असेल तर पाय आत घासतो, घट्ट असेल तर रक्तपुरवठा अडतो. दोन्ही स्थितीत जखमा होतात आणि मधुमेही रुग्णाच्या बाबतीत अशी जखम आणखी वर पाय कापण्यापर्यंत जाऊ शकते. पाय किंचित तिरका बसला, तर गुडघा आणि कंबर कालांतराने दुखू लागतात. ॲल्युमिनियमच्या जागी पुढे एचडीपीई या प्लास्टिकचे पाइप आले. शेतीच्या पाण्यासाठी वापरले जाणारे हे पाइप तापवून रुग्णाच्या साच्यावर चढवले की काही तासांत सॉकेट तयार होते. काम वेगवान झाले, पाय हलका झाला, गंजण्याचा प्रश्न मिटला.

याच एचडीपीई-जयपूर तंत्राची प्रत्यक्ष क्षेत्रातील पाहणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. होंडुरास, युगांडा आणि भारतातील रुग्णांना तज्ज्ञांनी काही वर्षांनंतर पुन्हा तपासले होते. निष्कर्ष सुखावणारे नव्हते. सॉकेट नीट न बसणे, पायाची मांडणी चुकणे आणि भाग निकामी होणे यांचे प्रमाण मोठे आढळले. विशेषतः गुडघ्याच्या वर पाय कापलेल्या रुग्णांसाठी हे तंत्र समाधानकारक नसल्याचे अभ्यासकांचे मत पडले. सेठी तेव्हा हयात होते. ज्या गोष्टीची चिंता ते बाळगून होते, तिला आता आकड्यांचा आधार मिळाला होता. येथे एक भेद ध्यानात घ्यायला हवा. दोष मुख्यतः पावलात नव्हता. तो होता पाय बसवण्याच्या कौशल्यात आणि त्यानंतरच्या देखरेखीत. साहित्य स्वस्त असण्याने सुरक्षितता आपोआप कमी होत नाही. देखरेख मात्र स्वस्तात होत नाही.

त्यानंतर सुधारणाही झाल्या. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या तंत्रज्ञानातून पॉलियुरेथेनचे पाऊल विकसित करण्यात आले. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी समितीसोबत गुडघ्याचा स्वस्त सांधा तयार केला. टाइम साप्ताहिकाने २००९ मधील सर्वोत्तम ५० शोधांमध्ये त्याचा समावेश केला. सेठी ते पाहण्यास नव्हते.

कायदा उशिरा आला

कृत्रिम पायांच्या मजबुतीसाठी आंतरराष्ट्रीय मानक १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार पायाला यंत्रावर बसवून सुमारे ३० लाख वेळा भार दिला जातो, म्हणजे काही वर्षांची चाल काही आठवड्यांत करून घेतली जाते. परंतु त्या यंत्राला चिखल, ऊन आणि उकिडवे बसणे ठाऊक नसते, ही बाब सेठी यांनी त्यापूर्वी तीन दशके ओळखली होती.

भारतात दोन बाजूंनी कायदा या क्षेत्राजवळ आला. पहिली बाजू बनवणाऱ्या माणसाची. पुनर्वसन परिषदेच्या १९९२ च्या कायद्याने पुनर्वसन व्यावसायिकांची नोंदणी सक्तीची केली आणि विनानोंदणी व्यवसाय करणाऱ्यास शिक्षेची तरतूद केली. कृत्रिम अवयव बसवणारे तज्ज्ञही या नोंदणीत येतात. नोंदणीसाठी मान्यताप्राप्त अभ्यासक्रम हवा. रामचंद्र शर्मा यांच्यासारखा कारागीर या कसोटीवर कोठे बसला असता, हा प्रश्न त्या कायद्याच्या कलमांतून सुटत नाही. सेठी यांची भूमिका अशी होती की हाताचे कौशल्य प्रमाणपत्राने येत नाही, पण कौशल्य असलेल्या हाताला शरीरशास्त्राची जोड आणि डॉक्टरची देखरेख हवीच. अविकसित देशांनी पाश्चात्त्य अभ्यासक्रम जसाच्या तसा उचलावा, हे त्यांना मान्य नव्हते. त्याचबरोबर अर्धवट शिकलेल्या माणसाच्या हाती रुग्ण सोपवणेही त्यांना मान्य नव्हते.

दुसरी बाजू वस्तूची. स्टेंट, कृत्रिम सांधे यांसारखी काही मोजकी उपकरणे २००५ मध्ये औषध कायद्याखाली आणण्यात आली. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ मध्ये तयार झाले आणि जानेवारी २०१८ पासून लागू झाले. १ एप्रिल २०२० पासून सर्वच वैद्यकीय उपकरणे कायद्याच्या व्याख्येत आली. इजा किंवा अपंगत्वासाठी साहाय्य करणारी साधनेही त्या व्याख्येत आहेत. जोखमीनुसार उपकरणांचे चार वर्ग आहेत आणि सर्वांत कमी जोखमीच्या वर्गातील साध्या साधनांना परवान्याच्या अटीतून सवलत मिळते. अमेरिकेतही कृत्रिम पायाचे भाग कमी जोखमीच्याच वर्गात मोडतात. शरीराच्या आत न जाणारे साधन म्हणून हे वर्गीकरण समजण्याजोगे आहे. पण त्यामुळे सॉकेट नीट बसले की नाही, हे पाहणारे डोळे अखेर कार्यशाळेतच असावे लागतात.

घरच्या घरी किंवा छोट्या कार्यशाळेत उपकरण बनवण्याची कल्पना आता पुन्हा जोर धरीत आहे. थ्रीडी प्रिंटरवर मुलांसाठी कृत्रिम हात तयार होत आहेत, त्यांचे आराखडे विनामूल्य वाटले जात आहेत. पेटंट न घेण्याचा निर्णय सेठी यांनी घेतला, तेव्हा असे प्रिंटर कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

निवृत्तीनंतरही सेठी जयपूरमध्येच राहिले. देशविदेशातील वैद्यकीय सभांमध्ये ते बोलत आणि लिहीत राहिले. त्यांच्या लेखनात जयपूर फूटच्या यशाइतकीच त्याच्या उणिवांची चर्चा आढळते. स्वतःच्या कामाबद्दल असे लिहिणारे शल्यविशारद विरळाच. वयाच्या ८१ व्या वर्षी त्यांची प्राणज्योत मालवली.

मालवीय नगरातील केंद्रात आजही सकाळी रुग्णांची रांग लागते. कारागीर पाइप तापवतात, सॉकेट थंड होण्याची वाट पाहतात, पाऊल जोडतात आणि रुग्णाला दोन समांतर दांड्यांच्या मध्ये उभे करतात. पहिली काही पावले दांडी धरून टाकायची. मग उकिडवे बसून पाहायचे, मांडी घालून पाहायचे. कोठे टोचते का, असे कारागीर विचारतात आणि रुग्ण बोट दाखवतो.